तोंडानेच परत घे

४ जानेवारी

बोलायला शिकवणारी आरसेवाली आली. आजचा तिसरा दिवस. तिला नाव असेलच, मी विचारणार नाही – आणि विचारायचं ठरवलं तरी तोंडातून काय बाहेर पडेल देव जाणे. पिशवीतून हातआरसा काढते आणि माझ्या थोबाडासमोर धरते. "काका, ओठ मिटा. आता 'प' म्हणा." तेहेतीस वर्षं शाळेत 'सर' ऐकलं, त्याचा एका पोरीने काका केला.

'प' म्हणायला गेलो, 'म' आला. पुन्हा गेलो, नुसती हवा.

मेंदूला झटका येऊन चार महिने झाले. हात शाबूत, पाय शाबूत, कान तर नको तितके शाबूत. डोक्यात वाक्यं रांगेत उभी असतात, प्रार्थनेला मुलं उभी राहतात तशी. फक्त तोंड फितूर झालंय.

५ जानेवारी

ही शेजारणीला सांगत होती, "त्यांना सगळं कळतं हो, फक्त बोलता येत नाही." चाळीस वर्षं बरोबर उलटं सांगत आली.

९ जानेवारी

अक्काकडे माफीचं पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय ब्याऐंशी, डोळे गेलेले. पत्र तिच्या मुलाने वाचून दाखवलं असणार. भाच्याचं चष्म्याचं दुकान आणि आई आंधळी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याने फोनवर हिच्याजवळ निरोप दिला – "आई म्हणते, तोंडाने बोललास ना, मग तोंडानेच परत घे. कागद नको." आणि वर म्हणे, "मामांना सांगा, फार वेळ नाहीये. हृदय थकलंय. डॉक्टर उन्हाळ्याच्या पुढचं काही बोलत नाहीत."

काय बोललो होतो ते लिहून ठेवतो. अकरा वर्षांत कुठेच लिहिलं नाही. आई गेल्यावर तिच्या कपाटासमोर बसून अक्का साड्यांच्या घड्या घालत होती. आई चार वर्षं अंथरुणात होती. तिचं सगळं अक्काने काढलं. मी सणापुरता पाहुणा. कशावरून तरी शब्दाला शब्द लागला आणि मी म्हणालो, "तू आईची सेवा नाही केलीस अक्का, वाट पाहिलीस."

वाक्य नेटकं होतं; आईच्या मरणाची वाट, हे म्हणावंही लागलं नाही. म्हटल्यावर क्षणभर मला त्याचा अभिमानही वाटला. अक्काने हातातली साडी आत ठेवली, कपाट लावलं, गेली. तेव्हापासून बोलणं नाही.

आता मला तीन शब्द हवेत. अक्का, माझं चुकलं. पुढची कादंबरी नको.

१४ जानेवारी

आज कागदाची पट्टी. ओठांसमोर धरायची. 'प' म्हटलं तर जराशी हलते, 'फ' म्हटलं तर चांगली फडफडते. मग हात गळ्यावर – 'प'ला गळा गप्प, 'ब'ला आत भुंगा गुणगुणतो. मग आरसा नाकाखाली – 'म'ला काच धुरकटते, कारण हवा नाकातून जाते. ओठ तेच, मिटणं तेच. फरक फक्त वाऱ्याचा आणि भुंग्याचा.

कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य! किती पोरांना हे ओरडून पाठ करायला लावलं, चुकलं की बाकावर उभं केलं. वर्णमाला घशातून निघून पायरी-पायरीने ओठांपर्यंत येते हे परीक्षेत विचारलं. स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून एकदाही पाहिलं नाही. हे मला बाविशीच्या बाईने शिकवावं याचा संताप येतो. तिचा नाही – हो, तिचाच.

१९ जानेवारी

जेवताना अचानक तिसरीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता तोंडातून निघाली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. एक अक्षर अडलं नाही! ही पदराने डोळे पुसत उठली, "बोललात हो!" मी ताठ बसलो आणि पाणी मागितलं.

"मा… बा… मानी."

ही परत बसली.

२० जानेवारी

आरसेवालीला कविता म्हणून दाखवली. कौतुकाची अपेक्षा होती. पोरीने पेन खाली ठेवलं. "काका, पाठ असलेलं वेगळ्या वाटेने येतं. आकडे, प्रार्थना, कविता, शिव्यासुद्धा. ते तुम्ही बोलत नाही. ते आपोआप सुटतं."

पाटीवर लिहिलं – कविता म्हणजे शिवी?

"तोंडाच्या हिशेबाने हो," म्हणाली. आणि माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीसमोर बसून फर्मान काढलं – शिकवणीत कविता बंद.

तिला घालवून द्यायचं ठरवलं होतं. पण उन्हाळा आठवला.

२१ जानेवारी

कविता आपोआप सुटते म्हणे. ती आत गेली कशी ते त्या पोरीला काय ठाऊक! शाळा दीड मैल. अक्का सातवीत, मी तिसरीत. ती माझी करंगळी धरायची आणि रस्ताभर म्हणवून घ्यायची, पावलाला एक मात्रा. चुकलो की मागच्या विजेच्या खांबापर्यंत परत चालत जायचं आणि तिथून पुन्हा सुरू. कितीदा शाळेला उशीर झाला. छड्या दोघांनाही पडल्या. तिला जास्त.

२ फेब्रुवारी

'च'वर गाडी अडली. आठ दिवस अडलेलीच आहे.

"चार म्हणा." चार जमलं. "आता चूक." नाही. मी पाटीवर लिहिलं – अक्षर तेच आहे, मग?

"अक्षर एक, आवाज दोन," ती म्हणाली. "चारला जीभ टाळूकडे पसरते. चुकीला दातांमागे टेकते. चमचा म्हणा, मग चमच्याने म्हणा. जीभ कुठून कुठे गेली बघा."

गेली की! पाऊणशेहून जास्त वर्षं ही जीभ माझ्या तोंडात घरं बदलत होती आणि मला पत्ता नाही. शाळेत एकही पोरगा उठून विचारता झाला नाही. विचारलं असतं तर बाकावर उभा केला असता.

१० फेब्रुवारी

आज कात्री. आवाज झाले, आता शब्द कापायचे म्हणते. एका चिठ्ठीवर 'चुक', दुसऱ्यांवर शेपट्या – लो, लास, ली, लं. मूळ एकच, शेपूट लावाल तसा माणूस बदलतो. एकेक तुकडा म्हणायचा, मग जोडून म्हणायचा. खाटकाचं काम. कवितेच्या प्रेमात आयुष्य घालवलं आणि म्हातारपणी शब्दांची खांडोळी करत बसलोय.

'माझं'मधला झ काही केल्या येईना. आरसेवालीने ती चिठ्ठी बाजूला सारली आणि 'मी' पुढे केली. "हे सोपं आहे. मी चुकलो म्हणा."

सोपं! माझं चुकलं म्हटलं की चूक कुठूनशी आपली आपण होते, सर्दी झाल्यासारखी. मी चुकलो म्हटलं की मध्ये मी उभा. पोरीला त्यातलं काही कळलं नसेल. तिला फक्त ओठ दिसतात.

बरोबर तेच म्हणायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी

'अक्का' येतं. 'मी' येतं. 'चु'ला जीभ फसते. आरसेवालीवर पेला फेकला – बाजूला फेकला, तिच्यावर नाही. तिने कापडाने फरशी पुसली आणि म्हणाली, "ठीक आहे काका. पुन्हा चु." पोरीची चिकाटी पाहिली की अंगाचा तिळपापड होतो.

२६ फेब्रुवारी

आलं. अक्का, मी चुकलो. भिंतीसमोर सात वेळा. मग हिच्यासमोर – अक्का वगळून.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कधी नाही म्हणालात ते."

अक्कासाठी जुळवलेलं वाक्य सरावाला हिच्यासमोर म्हटलं, हीसुद्धा चूकच झाली.

३ मार्च

फोन.

भाचा म्हणाला, "मामा, धरतो तिच्या कानाला. दमवू नका तिला." मग श्वास ऐकू आला. मग अक्का – अकरा वर्षांनी. "बोल," म्हणाली. एवढंच. विजेच्या खांबापाशी म्हणायची तसंच.

आरसेवाली समोर बसून ओठांनी दाखवत होती, अ – क्का. ही दाराला टेकून. मी तोंड उघडलं. जीभ कुठे ठेवायची ते शोधू लागलो, आणि कुठूनशी दुसरीच वाट मोकळी झाली. सगळं सरळ आलं. एकही आवाज अडखळला नाही. कंठ, टाळू, दात, ओठ, सगळे जागच्या जागी. सहा महिन्यांपूर्वीचा माझा आवाज. वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तो.

"तू आईची सेवा नाही केलीस अक्का, वाट पाहिलीस."

मग भाचा – "मामा, लाज वाटत नाही?" मग फोन बंद.

४ मार्च

काही लिहायचं नाही.

५ मार्च

आरसेवाली बिनबोलावता आली. मी तिच्या हातातून आरसा हिसकावून भिंतीवर मारला. तिने काचा गोळा केल्या, कागदात बांधल्या, समोर बसली. "काका, ते वाक्य मनात किती वेळा म्हणत होतात?"

पाटीवर लिहिलं – रोज.

"अकरा वर्षं?"

मान डोलावली.

"मग पाठच झालं की ते," म्हणाली. कौतुक नाही, कीवही नाही. आजाराचं नाव सांगावं तसं. मी दाराकडे बोट केलं. गेली.

संध्याकाळी ही भाच्याला फोनवर हेच सगळं सांगत बसली – रोज म्हणायचे म्हणे मनात, जेवताना, आंघोळीला, म्हणून तेच सुटलं, म्हणायचे होते वेगळेच तीन शब्द, मुद्दाम नाही रे, आईला सांग. मी हात जोडून अडवलं. तेवढं एकच झाकून ठेवलेलं होतं माझं. ऐकेल तर ही कसली.

८ मार्च

भाच्याचा निरोप. हिने कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतला, जसाच्या तसा डकवतो.

"आई उद्याच्या गाडीने येतेय. डॉक्टर नको म्हणाले, ऐकत नाही. मामांना सांगा, तिचं म्हणणं – तू एकटाच घोकत होतास असं वाटलं का तुला? माझंही उत्तर अकरा वर्षं पाठ आहे. ते ऐकवायला येतेय. मग तुझे ते तीन शब्द कितीही वेळ लागू दे, मी बसेन."