पेपऱ्याच्या पट्टीची पेटी

चाचा, माझ्या हातानं जे झालं ते आधी सांगतो. अकरा पेट्या, त्यातल्या चार दुहेरी सुरांच्या. मढवलेल्या ढोलक्या मोजल्या नाहीत, पण खोडापासून कोरून केलेल्या सव्वीस. गायन पार्ट्यांसाठी सहा डफ, दोन दिमड्या. दुकानाचं शटर तेवढं विकतचं. आतली कानशींची फळी, भाता तपासायची चौकट, बसायचा पाट, सगळं माझं. शाळा नववीपर्यंत. कोणी शिकवलं असं कोणी विचारलं, की मी सांगतो, कोणीच नाही. तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही फक्त "देख" म्हणायचात. आता बारावी पेटी झाली आहे आणि ती बेसूर आहे असं आदिलाबादेत बोललं जातं, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मराठी तुम्हाला बोललेली सगळी कळायची, वाचता येत नव्हती. उर्दू मला कानानं येते, हातानं नाही. तेव्हा हे कुठं टाकायचंच नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. जिनिंगात कापसाच्या गाठी वाहतो आणि सुटीच्या दिवशी आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीची पेटी डोक्यावर घेऊन हिंडतो. तिचा भाता फाटला म्हणून तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात आणली. तुम्ही म्हणालात, चार दिवसांनी ये. मी चारही दिवस तुमच्या ओट्यावर बसलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "काम-धाम नै क्या रे तेरे कू?" मी म्हणालो, "हाये. पण हे पाहून राह्यलो." "हौ, तो देख," तुम्ही म्हणालात आणि दिव्याची तार माझ्या बाजूला ओढलीत. माझं शिक्षण ते एवढंच.

आणि तो शुक्रवार. तुम्ही नमाजला गेलात, मी दुकानात एकटा. भीमपूरकडच्या एका गाणाऱ्या बाईंची पेटी आली होती, फक्त एक खटका बसवायला. मी वाजवून पाहिली तर गंधार उतरलेला. मला राहवलं नाही. त्या सुराची पितळेची पत्ती बाहेर काढली, टोकाला कानस दोनदा फिरवली, सूर चढला, अगदी बरोबर झाला. तुम्ही आलात, एकदाच बोट ठेवलंत. "इसकू किसने हात लगाया?"

"म्या. बेसूर होतं चाचा."

"बेसूर तेरा कान! बाई कू गाते हुए सुना तूने?"

"न्हाई."

"तो बाजा दुरुस्त कैसे किया रे, बड़े मिस्त्री?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये तुम्ही मला त्या पेटीसकट बसवलंत. बाई अंगणात सोयाबीन पाखडत होत्या. सूप न थांबवता त्यांनी गाऊन दाखवलं. त्यांचा गंधार तिथंच उभा राहत होता, किंचित खाली, आणि त्यांच्यामागं गाणाऱ्या दोघी पोरींचाही तिथंच. आधीच्या कुणा कारागिरानं पेटी त्यांच्या गळ्याला लावून दिली होती. मी ती शुद्ध करून त्यांच्या गळ्याला खोटं पाडलं होतं. परत येऊन पत्तीच्या मुळाशी खरवडून सूर पुन्हा उतरवला. दोन्हीकडून झिजलेली ती पत्ती वर्षभरात तुटली. नवी मी बसवली, उतरलेलीच.

त्यानंतर तुम्ही कुठंही गेलात की मी मागं. दिवाळीच्या आठवड्यात, गोंडांच्या दंडारीत, तुम्ही उटनूरकडच्या गुड्यांवर, त्यांच्या पाड्यांवर, जायचात. एका गावची माणसं नाचत-वाजवत दुसऱ्या गावी पाहुणी जातात आणि वेशीवर पेपरं वाजतं. सनईसारखंच, पण आखूड आणि तिखट. मी विचारलं होतं, इथं एकाकडंही पेटी नाही, चाचा, आपण येतो कशाला? तुम्ही म्हणालात, "अपने गाहक कू तो सब सुनते. जो अपना गाहक नै, उसकू कौन सुनेंगा?" तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं.

आता ऐका. दरवर्षी इथल्या सभागृहात सगळ्या भाषांचा कार्यक्रम होतो. तेलुगू पंधरा मिनिटं, उर्दू पंधरा, मराठी पंधरा, गोंडी पंधरा. एकाचं संपलं की त्याची माणसं चहाला उठतात. मागच्या वर्षी शेवटी पेपरं वाजत होतं तेव्हा मी खुर्च्या मोजल्या. समोर एकोणीस माणसं, त्यातली सात सतरंज्या गुंडाळायला थांबलेली. याला मेळावा म्हणत नाहीत, याला बसस्टँड म्हणतात. सगळ्यांची वाद्यं माझ्याकडं येतात म्हणून समितीत मला खुर्ची आहे. यंदा मी तिथं सांगितलं, शेवटी सगळे एकत्र बसतील. वेशीवर पाहुण्याला घ्यायची पेपऱ्याची चाल, आणि स्वागत प्रत्येकानं आपापल्या भाषेत गायचं. समितीचे साहेब म्हणाले, जमलं तर पाहू. मी म्हणालो, जमवून आणतो.

चौघांना दुकानात एकाच वेळी बोलावलं. वीस वर्षांत चौघं माझ्या ओट्यावर हजारदा आले असतील, एकत्र एकदाही नाही. गायन पार्टीचे मास्तर, कव्वाल भाई, तेलुगू भजन मंडळाच्या अम्मा आणि पेपरेवाले बाबा. बाबा प्रधान, गोंडांसाठी पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्या जमातीतले. घरी आमच्यासारखीच मराठी बोलतात, देवांच्या कथा गोंडीत गातात. त्यांनी पेपरं फुंकलं. षड्ज लागला काळी दोनच्या वर आणि पांढरी तीनच्या खाली, अधांतरी.

कव्वाल भाई म्हणाले, "इत्ता नीचे? मेरा गला तो ऊपरच खुलता मियाँ."

अम्मा म्हणाल्या, "अय्यो, त्यांनाच सांगा ना, थोडं वर घ्या म्हणून."

बाबा हसले. "वर घ्या म्हन्ते! लाकडाले भोकं माह्या आज्यानं पाडली, माय. त्याले जाऊन सांग."

मास्तर हसले नाहीत. आमच्याच वस्तीतले, माझ्याहून मोठे. "आमी काऊन उतराचं?" ते म्हणाले. "दोन पिढ्यानं स्टेज भेटला, अन् थितं बी खालीच बसाचं?"

मीही त्याच वस्तीतला, ते खाली बसणं मलाही ठाऊक. बाबांच्या हातातल्या पेपऱ्याकडं बोट करून म्हणालो, "दादा, पेपरं हलू शकत नाही. पेटी हलते. जे हलू शकते त्यानं हलाचं. यात खाली-वर काही नाही."

"मंग आमच्या पेट्या खरवडतं काय?"

"कोणाच्याच नाही. नवी करतो. तुमच्या चौघांपैकी कोणाचीच नसंल."

पेटीला हात लावण्याआधी दोन दिवस बाबांच्या गुड्यावर राहिलो. सकाळी वाजवलेलं पेपरं आणि दुपारच्या उन्हात वाजवलेलं, यात फरक पडतो. मी दोन्ही ऐकलं. बाबा म्हणाले, "पाह्य बाप्पा, पाह्य. पण माह्या पेपऱ्याले कानस लावशीन त बोटं तोडीन." एक्केचाळीस दिवस लागले. जुन्या दाराचं सागवान, एकोणचाळीस पट्ट्या, दुहेरी सूर, म्हणजे अठ्ठ्याहत्तर पत्त्या, एकेक पेपऱ्यासमोर बसून लावली. मोबाइलवरच्या यंत्रात धरली तर काटा एकाही स्वराला हिरव्यावर थांबत नाही. गावभर बेसूर म्हणतात ती हीच.

पहिल्या तालमीला कोणालाच गाता येईना. अम्मा दोनदा उठून गेल्या आणि दोनदा परत आल्या. कव्वाल भाई अजून तोंड वाकडं करतात, पण सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी तेच घालतात. तिसऱ्या तालमीला मास्तरांनी हाताची घडी सोडली, दोन ओळी गायल्या, थांबले आणि मला म्हणाले, "खाली बसल्यावानी नाही वाटून राह्यलं." आणि लगेच, "पण कोरस वाढवा लागन. दोन पोरांत नाही भागत." अम्मांनी मराठीतला "या" उचलला आहे, मास्तरांचा पोरगा तेलुगूतला "रंडी", म्हणजे तोच "या", म्हणताना लाजायचा, आता सगळ्यांत मोठ्यानं तोच म्हणतो आणि अम्मा पदर तोंडावर धरून हसतात.

समितीचा निरोप परवा आला. वेळ कमी आहे, पूर्वीसारखे पंधरा-पंधरा ठेवू, शेवटी चौघांचा सत्कार एकत्र करू. शालींसाठी माणसं एकत्र येऊ शकतात, गाण्यासाठी नाही, असं दिसतं. मी लिहून दिलं आहे, पंधरा-पंधरा असेल तर त्या दिवशी माझ्या दुकानातलं एकही वाद्य मंचावर येणार नाही. सही करायला मास्तर, अम्मा, कव्वाल भाई तिघंही आले, बाबांनी अंगठा दिला. सभागृह नाही मिळालं तर दुकानासमोर बसू. चार सतरंज्या, शटर वर. सभागृहाचे पाहुणे त्या रस्त्यानंच येतात.

अजून एक आहे. दुसऱ्या तालमीला हैदराबादचे एक गृहस्थ आले होते, मोठ्या हॉटेलांत सांस्कृतिक कार्यक्रम लावणारे. त्यांना पेपरं आवडलं, बाबांचं नाही. म्हणाले, म्हाताऱ्याची पट्टी कशातच बसत नाही, तुम्ही काळी दोनला चोख लावलेली चाळीस करून द्या, मग ट्रॅकवर कोणीही वाजवील. मी म्हणालो, बाबांना विचारलंत? म्हणाले, "त्यांचा फोटो लावू ना." मी त्यांना ओट्यावरून खाली उतरवलं. पण चाचा, तो बोलत होता तेव्हा माझ्या डोक्यात लाकूड ठरून गेलं होतं, भोकांतलं अंतरही. मला ते जमलं असतं. घरी मी सांगितलं, ऐंशी हजार देत होता, सोडले. खरं तर चाळीस पेपऱ्यांचे तो तीन लाख वीस हजार देत होता.