बर्फातली तिण्णई

प्रिय प्रणवेश,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असशील, तर आधी एवढं वाच. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, अप्पांची साखर ताब्यात आहे आणि घर विकायला काढलेलं नाही. फोन असताना आईला पत्राची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगते. मधलं गाळून शेवटाकडे पळू नकोस, गोष्टीचं पुस्तक हातात आलं की लहानपणी तू तेच करायचास. करंतैच्या तमिळ पोरांना हिंदीच्या परीक्षांसाठी जन्मभर जी अक्षरं गिरवायला लावली, ती आपल्या घरच्या बोलीसाठी आज पहिल्यांदा वापरते आहे. तेव्हा माझं मराठी तुझ्या पुण्याच्या मित्रांना वाचून दाखवू नकोस. हसतील मेले.

बातमी अशी की मी कॉम्प्युटर केला. विकत आणला नाही, एकेक भाग निवडून घरी जोडला. आणि तोही खेळायचा, तुम्ही ज्याला गेमिंगचा म्हणता तो. दहावीत तुला ब्राउझिंग सेंटरमधून कान धरून घरी आणणारी बाई ती हीच, आणि तिचं डोकं अजून ठिकाणावर आहे.

पोंगलच्या आदल्या दिवशी तू फोन केला होतास. स्टुडिओनं निम्मी माणसं काढली त्यात तू गेलास, हे मला आधीच ठाऊक होतं. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून केलेला तो कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात आला आणि शेवटी जी नावं सरकत जातात त्यांत तुझं नाव नाही, आधी गेलेल्यांची घालत नाहीत, हे त्या दिवशी सांगितलंस. आठ वर्षं गेली आणि दाखवायला हातात काही नाही म्हणालास. आता हे सोडून कुठल्याही ऑफिसात खर्डेघाशी करतो म्हणालास. मी नुसतं बरं म्हटलं. नंतर दोन दिवस रसमात मीठ पडेना. दाखवायला नाही म्हणतोस कण्णा, पण बघायला तरी आमच्यातलं कोण आलं होतं? मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की तो कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढं सांगून मी मोकळी व्हायची. म्हटलं, आता जाऊन बघायचंच.

बघायचं म्हटलं तर तुझा खेळ माझ्या फोनवर चालेना आणि शेजारच्या अखिलाचा लॅपटॉप दम लागून बंद पडला. मग मी दिव्यश्रीला गाठलं. तुला आठवत असेल, हिंदीच्या मध्यमा परीक्षेत दोनदा आपटलेली माझी विद्यार्थिनी. आता इंजिनीअर आहे आणि जुन्या बसस्टँडजवळ कॉम्प्युटर जोडून द्यायचं तिचं दुकान आहे. खेळाचं नाव ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली. हा आमच्या दुकानातल्या मशीनलाही झेपत नाही टीचर, म्हणाली. मी म्हटलं, मग झेपेल असं करू, पण ट्यूशनचे साठ हजार साठले आहेत त्याच्या वर एक रुपया जाणार नाही.

त्यानंतर कळलं की कशात उडी घेतली आहे. याच्यापेक्षा लग्न जुळवणं परवडलं. हा प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसत नाही, तो मदरबोर्ड ही रॅम घेत नाही, आणि सगळ्यांशी जुळणारं ग्राफिक्स कार्ड मिळालं तर ते लांबीनं कॅबिनेटमध्ये मावत नाही. रॅमचा भाव यंदा सोन्याच्या पाठीमागे धावतो आहे. म्हणून नव्या पिढीचा मोह सोडला आणि मागच्या पिढीचा सहा कोरचा प्रोसेसर घेतला, त्याला जुन्या प्रकारची रॅम चालते आणि ती त्यातल्या त्यात हाताला लागते. सोळा जीबीच्या एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन घेतल्या, कारण दोघी असल्या की काम वाटून घेतात म्हणे. आपल्या घरात हे कोणाला तरी सांगायला हवं. रंगीत दिव्यांचे पंखे मी साफ नाकारले, नवरात्रात गोलूच्या बाहुल्यांना लावतो तेवढे दिवे पुरेत. एसएमपीएस मात्र दिव्यश्रीनं मला स्वस्तातला घेऊ दिला नाही. बाहेरची वीज आत सगळ्यांना वाटून देणारा तो डबा बिघडला तर एकटा जात नाही, सगळ्यांना घेऊन जातो.

निम्म्याच्या आसपास पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डानं खाल्ले. त्यात काटकसर करायची सोय नव्हती, कारण मला जे बघायचं होतं ते तेच दाखवणार होतं. तरी हिशेब बसेना, तेव्हा मी मॉनिटर गाळला. हॉलमध्ये एवढा मोठा टीव्ही आहे की. दिव्यश्री म्हणाली, आधी घरी विचारा टीचर, कारण संध्याकाळचा टीव्ही कोणाच्या हक्काचा आहे हे माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. सरकारी परीक्षेचा अभ्यास टाकून तू पुण्याला निघालास तेव्हा अप्पा, खेळणी करायला चालला आहे, एवढंच म्हणाले होते, आणि तेव्हापासून तुझा फोन आला की ते झाडांना पाणी घालायला उठतात, पाऊस पडत असला तरी. मी त्यांना विचारत बसले नाही. सहानंतर टीव्ही माझा, असं सांगून टाकलं. त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी बसलो. दिव्यश्रीनं प्रोसेसर माझ्या तळहातावर ठेवला. चौकोनी बिस्किटाच्या तुकड्याएवढा, खाली केसासारख्या पिना. आत किती स्विच आहेत विचारलं तर म्हणाली, शेकडो कोटी. मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. खरं सांगते, अंगावर काटा आला. हे देवानं नाही, माणसांनी केलं आहे, कुठल्या तरी आईच्या लेकरांनी डोळे फोडून आखलं आहे, आणि ते या करंतैच्या बाईच्या हातावर, हळदीच्या डागाशेजारी पडलं आहे. बसवायचा कसा, तर दाबायचा नाही. खुणेला खूण लावून नुसता सोडायचा, जागा बरोबर असली की तो आपसूक आत बसतो. मी श्वास धरून सोडला आणि तो बसला. त्याला टिळा लावायला चंदन-कुंकवाची वाटी मी जवळच ठेवली होती, पण दिव्यश्रीनं माझं बोट हळूच धरून कॅबिनेटच्या कोपऱ्याकडे नेलं. प्रोसेसरला वेगळा लेप असतो, तो तिनं वाटाण्याएवढा लावला.

सगळं जोडून बटण दाबलं तर पंखे फिरले आणि टीव्ही काळा तो काळाच. रॅम काढून घातली, कार्ड काढून बसवलं, काही नाही. साठ हजारांचा पंखा केला बाई, असं मनात आलं. तेवढ्यात पेपरमागून आवाज आला, की वायर वरच्या भोकात आहे, खाली कार्डाला तसंच आणखी एक भोक आहे. दिव्यश्रीनं कपाळावर हात मारला. ती वायर मीच घातली होती, मदरबोर्डमध्ये, आणि आमच्या प्रोसेसरला स्वतःचं चित्र काढता येत नाही, जे काय येतं ते कार्डातून येतं. वायर खाली घातली आणि टीव्ही उजळला. पेपर जागचा हलला नाही.

आणि मग मी बर्फ पाहिला. साठीला आले, कोडैकानलच्या धुक्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. पाऊल टाकलं की बर्फ दबतो आणि मागे वळलं की आपल्याच पावलांचे ठसे दिसतात. देवदाराच्या फांदीवरून बर्फ सुटला तेव्हा मी मान बाजूला केली, आपल्या हॉलमध्ये, पंख्याखाली बसून. पहिले काही दिवस आभाळाकडे तोंड करून भिंतींवर आपटण्यात गेले. एका हातानं चालायचं आणि दुसऱ्यानं बघायचं, हे जमायला बोटांना वेळ लागला. लांडगे आले की मी कीबोर्ड सोडून उठायची आणि दिव्यश्री दुकान बंद करून आली की ते मारायची. तू कधी तरी सांगितलं होतंस की पुलापलीकडच्या डोंगरगावातली घरं तेवढी तुझी, बाकीचं इतरांचं. म्हणून मला पूल गाठायचा होता. गाठला, तर पेपरमागून शेरा आला. पहिल्या पुरात जाईल हा, खांबांना पाया कुठं आहे? कालव्यांवर पी.डब्ल्यू.डी.ची नोकरी काढलेला माणूस, पुलावर बोलल्याशिवाय कसा राहील. हा पूल आपल्या मुलाचा नाही, असं मी सांगितलं.

तुझ्या गावात शिरले तेव्हा तिथं संध्याकाळ होती. खिडक्यांतला पिवळा उजेड बर्फावर पडला होता आणि धुराड्यांतून धूर निघत होता. माणसांचे कपडे, गावाचं नाव, सगळं परक्या देशाचं. आणि प्रत्येक दारापाशी छपराखाली दगडी बैठक, तिच्या एका टोकाला डोकं टेकायला चढता उतार. वर बर्फ होता म्हणून आधी ओळखू आलं नाही. मग ओळखलं आणि हात कीबोर्डवरच थांबले. तिण्णई होती ती, प्रणवेश. पापनाशमच्या आपल्या जुन्या घराची. वाटसरूनं न विचारता पडावं, उशी मागावी लागू नये, म्हणून आपल्याकडे दाराबाहेर बांधायचे ती. उन्हाळ्यात तुला त्याच उतारावर डोकं ठेवून झोपायचं असायचं, आत गादी घातली तरी. ते घर विकलं, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. बर्फाच्या मुलखात दाराबाहेर कोण झोपेल रे? गारठून मरेल. ही चूक आहे, धडधडीत चूक, आणि ती करणारा माणूस मला चांगला माहीत आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला. मी रडले. तुझं नाव नाही म्हणून नाही, तू एवढं सगळं केलंस आणि त्या परक्या गावातही आल्यागेल्याला पडायला जागा ठेवलीस म्हणून.

पेपर केव्हा खाली आला ते मला कळलं नाही. अप्पा टीव्हीच्या पुढ्यात उभे होते. पुढे जा म्हणाले, मग मागे ये, मग डावीकडून दाखव. मला त्या बर्फात खाली बसायला लावलं. चष्मा पुसून आले आणि काचेला बोट लावून उतार पाहिला. मग झाडांना पाणी घालायला गेले. तुझा फोन आला नव्हता तरी.

आता सहा वाजले की तेच खुर्ची ओढतात. बटणं मी दाबते आणि कुठं जायचं ते त्यांनी सांगायचं. दाराशी दार तपासत त्यांनी सगळं गाव पालथं घातलं. एका घराला तिण्णई नाही, असं शोधून काढलं आहे. तिथं कोण राहतं, त्याच्याच दाराशी का नाही, हे त्यांना तुझ्याकडून हवं आहे.

आता पत्राचं कारण. काल मी म्हटलं, फोन लावून देते, तुम्हीच बोला. ते नको म्हणाले, तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं. नोकरीत असताना स्वतः जाऊन बघितल्याशिवाय त्यांनी कुठल्या कामाखाली सही केली नाही, आणि केलेली सही कोणाला खोडता आली नाही. त्या लोकांनी त्याचं नाव कुठंच लिहिलं नाही, तर आपण लिहून देऊ, म्हणाले. पुढं तो ऑफिसात बसो नाही तर आणखी कुठं, केलेलं काम केलेलं आहे हे कागदावर पाहिजे. त्यांना देवनागरी येत नाही, म्हणून खालच्या ओळींचं अक्षर माझं आहे. शब्द त्यांचे, एकही मी बदललेला नाही, आणि सही त्यांनी स्वतः केली आहे. आधी कॅलेंडरच्या पाठीवर गिरवून पाहिली, मग इथं.

तुझीच,
आई

पुलापलीकडच्या गावातली घरं माझा मुलगा प्रणवेश यानं बांधली आहेत. मी स्वतः जाऊन पाहिली. उतार बरोबर आहे.

सेतुमाधव राव