एका घरट्याला एक नजर

३ मार्च, रविवार

मला दिलं! टिटवीच्या घरट्यावर नजर ठेवायचं काम – मला!

सिस्टरनी सगळ्यांसमोर सांगितलं. उद्यान सांभाळणाऱ्या आमच्या मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. नर्सची नोकरी संपली तरी वॉर्डातला आवाज गेलेला नाही. तळ्यापलीकडच्या मुरमाड जागेत टिटवीने अंडी घातली आहेत. घरटं म्हणायचं इतकंच, नुसता उघड्यावरचा खळगा. अंडी मातकट, वर काळे ठिपके. पुन्हा बघायला गेलं की खडे कुठले आणि अंडी कुठली ते कळत नाही.

मंडळाचा नियम जुना आहे – एका घरट्याला एक नजर. एकाच माणसाने बघायचं, तेही आठवड्यातून एकदा, लांबच्या बाकावर बसून दुर्बिणीतून. जवळ जायचं नाही. काठी रोवायची नाही, दगड मांडायचे नाहीत. खूण माणसाला दिसते तशी कावळ्यालाही दिसते, असं सिस्टर म्हणतात.

कंडक्टर म्हणाले, "योग्य व्यक्ती निवडलीत! तपासनीसबाई आहेत त्या." (ते खरोखरचे बस कंडक्टर होते. मी कुदळी-विळे परत ठेवल्यावर दोनदा मोजते म्हणून मला तपासनीस म्हणतात. "जन्मभर तपासनिसाला भ्यालो, आता गवत कापायला आलो तर इथेही एक!")

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "छान. आता आमच्यावरची नजर जरा कमी होईल."

टोमणा आहे. कळला.

६ मार्च

बाबा बरे आहेत. दुपारी झोपले होते तेव्हा दारातून पाहिलं – पोट वरखाली होत होतं. परत गेले तर डोळे मिटूनच म्हणाले, "आहे अजून."

जानेवारीत त्यांना छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हापासून मला हे जमतच नाही – न बघणं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण एकट्याने चालताना काही झालं तर? मी कामावरून आले की आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. मी हात धरते. त्यांना आवडत नाही. मी तरी धरते.

७ मार्च

आज सकाळी कामावर जाताना उद्यानातून गेले. आज रविवार नाही, माहीत आहे. पण काल शेजारच्या आळीत भटकी कुत्री फार भुंकत होती.

अंडी आहेत. चारही.

११ मार्च

चष्म्याच्या दुकानात मालक म्हणाले, "अगं, किती पुसशील? काच झिजून नंबर बदलेल त्याचा!" गिऱ्हाईकही हसलं. मी चष्मा दिला. ते दाराबाहेर गेल्यावर वाटलं, डाव्या काचेवर बोट राहिलं असेल.

ही सवय बाबांची. लहानपणी मी सारखी आजारी, म्हणून सुरुवातीची काही वर्षं शाळा स्वयंपाकघरातच भरायची. आई कणीक मळायची आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाबा शुद्धलेखन घालायचे. लिहून झालं की म्हणायचे, "एकदा पाहिलं ते पाहिलंच नाही. परत बघ." मी परत बघायचे आणि खरंच एक चूक सापडायची. नेहमी!

म्हणून गॅस दोनदा. कडी दोनदा. आता अंडीही.

१५ मार्च

बाकावरून नीट दिसत नाही. टिटवी अंड्यांवर बसलेली असते, खाली काय आहे ते कसं कळणार? ती उठली तर कळेल. म्हणून थोडी पुढे गेले. ती ओरडत उठली, डोक्यावर घिरट्या घालायला लागली. तेवढ्यात मी बघून घेतलं.

चार. जीव भांड्यात पडला.

१९ मार्च

रोज जाते आहे. लिहून ठेवते म्हणजे स्वतःशी तरी खोटं नको. सिस्टरना सांगितलेलं नाही. सांगितलं तर नाही म्हणतील. नाही म्हणाल्या आणि काही झालं तर?

२४ मार्च, रविवार

गेली. चारही.

सगळे बरोबर होतो. तळ्यातली जलपर्णी काढायला निघालो होतो. कंडक्टर पुढे चालत होते, ते मध्येच थांबले. "ही वाट कुणी पाडली?"

वाळलेल्या गवतातून एक वाट गेली होती. बाकापासून निघून थेट मुरमापर्यंत – आणि तिथे संपत होती. रोज कुणी चालल्याशिवाय अशी वाट पडत नाही. तिच्या टोकाला खळगा, खळग्यात काही नाही. बाजूला टरफलाचा एक तुकडा. मुंगूस असेल, नाहीतर कुत्रं. कुणीही असो, मी त्याला हात धरून आणून सोडलं होतं.

"मी," म्हणाले.

कुणीच रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सिस्टरनी दुर्बिणीसाठी हात पुढे केला. मी गळ्यातून काढून दिली. त्या म्हणाल्या, "पोरी, तू उठवायचीस तिला दर वेळी. ती उठली की अंडी उन्हात उघडी पडायची. आणि तिने ओरडून सगळ्या रानाला सांगायचं – इथे आहे बरं का."

जलपर्णी काढली. गुडघाभर पाण्यात उभी राहून सगळ्यांत जास्त काढली. काही उपयोग नाही.

टिटवी दिवसभर तिथेच फिरत होती. ओरडत नव्हती.

२५ मार्च

आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवून घे."

बाबांना सांगितलं नाही. त्यांना त्रास होईल.

२६ मार्च

आईने सांगितलं! बाबांनी मला खोलीत बोलावून घेतलं. मग – "वाट पडली होती, नाही?"

मी हो म्हणाले.

"आपल्या पॅसेजमध्ये पण पडली असेल. तुझ्या खोलीपासून माझ्या दारापर्यंत. फरशी म्हणून दिसत नाही."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

३१ मार्च, रविवार

गेले नाही. कुठल्या तोंडाने जायचं?

संध्याकाळी दारावर टकटक – सिस्टर! "रजा मागितल्याशिवाय ड्यूटी चुकवलेली मला चालत नाही," आत येत म्हणाल्या. आईने चहा टाकला. मी साखर विसरले, मग दोनदा घातली. सिस्टर तसाच प्यायल्या.

म्हणाल्या, "रडून अंडी परत येत नाहीत. पण टिटवी परत घालते. पहिली गेली तर पंधरा-वीस दिवसांत दुसरी घालते. तिला सुतकात बसायला सवड नाही. तुलाही नाही. पुढच्या रविवारी ये. ती वाट मोडायची आहे, फावडं लागेल."

मी तोंड धुवायला आत गेले. बाहेर आले तर सिस्टर आणि बाबा व्हरांड्यात बोलत बसलेले. मला पाहून गप्प. मी विचारलं, काय बोलत होता? बाबा म्हणाले, "हवापाणी."

७ एप्रिल, रविवार

वाट मोडली. दाबलेली माती फावड्याने भुसभुशीत केली, वर वाळकं गवत पसरलं. मधून काट्याच्या फांद्या टाकल्या. आपण पाडलेली वाट आपणच बुजवायला मला एक सकाळ लागली. पाडायला किती सोपी होती.

कंडक्टर येऊन उभे राहिले. "तपासनीसबाई, माझ्याही हातून एकदा झालंय. भारद्वाजाचं घरटं होतं त्या झुडपात आणि मी झुडूप छाटून टाकलं. छान गोल! बाग दिसली पाहिजे ना!" मग फांदीचं दुसरं टोक धरलं.

१४ एप्रिल, रविवार

टिटवीने पुन्हा घातली! कुठे ते मला सांगितलं नाही. विचारलंही नाही. (विचारणार होते. जीभ चावली.)

नवीन नजर ठेवली आहे म्हणे, या वेळी रोजची, पण बाकावरून न उठता. कोण, ते गुपित. कंडक्टर म्हणाले, "आहे एक गिऱ्हाईक. मंडळात नवीन. बसून राहण्यात पटाईत!" आणि सिस्टरनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते एकदम झारी शोधायला गेले.

मला कुंड्या आणि प्लास्टिक वेचणं दिलंय. बरंय. प्लास्टिक कितीही वेळा बघितलं तरी त्याला काही होत नाही.

१८ एप्रिल

बाबा आता दुपारचे वाचनालयात जातात. एकटे! दोन गल्ल्या ओलांडून! मी दुकानात असते तेव्हाच. मला आज कळलं. आईला म्हटलं, तू सोडलंसच कसं? आई म्हणाली, "ते काय पोपट आहेत सोडायला?"

त्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवली – नाव, आमचे फोन, गोळ्यांची नावं. संध्याकाळी ती माझ्या उशीवर होती. पाठीमागे बाबांचं अक्षर: "तपासून परत. चुका नाहीत."

२३ एप्रिल

दुकानातून बाबांना फोन केला, उचलला नाही. परत केला, उचलला नाही. मालकांना सांगून निघणार इतक्यात त्यांचाच आला. कुजबुजत बोलत होते. "इथे बोलायचं नसतं गं." वाचनालयात बोलू देत नाहीत, खरंय.

पण मागे वारा वाहत होता. वाचनालयात वारा?

पंखा असेल.

२९ एप्रिल

बाबांच्या मोज्यांना कुसळं. धुवायला टाकताना दिसली. नाकाचा शेंडाही रापलाय. आईला दाखवलं तर म्हणाली, "वाचनालयासमोर गवत आहे."

नाही. समोर फरसबंदी आहे. मला माहीत आहे.

कुठे जातात? डॉक्टरांनी काही सांगितलंय का, जे माझ्यापासून लपवलंय? दोघं मिळून खोटं बोलतायत. पण रंग बरा आहे त्यांचा. जिना चढताना मध्ये थांबले नाहीत. मी मागून मोजत होते.

५ मे, रविवार

सिस्टरना विचारलं, अंडी ठीक आहेत ना? एवढंच. त्या म्हणाल्या, "नजर शांत आहे, म्हणजे ठीक."

टिटवीचं ओरडणं महिनाभर नीटसं ऐकलं नाही. पूर्वी मी आले की ओरडायची. म्हणजे माझ्यावरच ओरडायची.

८ मे

ठरवलं होतं. अर्धा दिवस रजा घेऊन बाबांच्या मागे जायचं. लांबून. चपला घातल्या, तेवढ्यात आईने दार लावलं आणि पाठ लावून उभी राहिली.

"बस."

"अगं पण –"

"बस म्हणते ना! मी त्या माणसाबरोबर तीस वर्षं काढली, मला काळजी नाही? श्वास घेऊ दे त्यांना. आणि मलाही."

आई असं कधी बोलत नाही. बसले. ती भाजी निवडायला बसली, अर्धी माझ्यापुढे ढकलली. दोघींनी निवडली. मी निवडलेली तिने परत पाहिली नाही.

बाबा आले तेव्हा शीळ घालत होते. कुठे गेला होता, हे मी विचारलं नाही. फार अवघड गेलं. पाणी दिलं.

१२ मे

रात्रीच्या जेवणाला बाबा अचानक म्हणाले, "तुला मी अर्धंच शिकवलं."

"काय?"

"परत बघ, हे शिकवलं. पुरे कधी म्हणायचं ते राहिलं. मलाच येत नव्हतं." मग आईकडे वाटी सरकवत, "आत्ता शिकतोय. वाढ जरा."

आई मान खाली घालून हसत होती. या घरात काहीतरी चाललंय.

आज गॅस एकदाच पाहिला. झोप लागेल की नाही कोण जाणे.

१३ मे

लागली.

१६ मे

दुकान लवकर बंद झालं – मालकांची मुलगी येणार होती. उद्यानाच्या मागच्या दाराने येत होते, खरंच घरी जायची वाट म्हणून. आमच्या बाकावर कुणीतरी पाठमोरं. तपकिरी टोपी. मीच सुती दोऱ्याने विणलेली, एक कान मोठा झालेली. हातात मंडळाची दुर्बीण.

बाबा.

हाक घशापर्यंत आली. ऊन आहे, पाणी घेतलंय का, गोळी –

टिटवी कुठेतरी शांत होती. बाबांनी दुर्बीण खाली ठेवली, आणि तळ्यापलीकडे उभ्या असलेल्या कंडक्टरांना हात उंच करून चार बोटं दाखवली. कंडक्टरांनी हवेत तिकिटं फाडली. एक, दोन, तीन, चार. बाबांचे खांदे हसण्याने हलत होते.

मी पाहिलं. एकदाच. मग वळले आणि लांबच्या वाटेने घरी आले.