मावळतीला खिडकी नको म्हणलं होतं

४ एप्रिल
सून तोंडानं काही बोलत नाही, हीच माझी तक्रार. बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. नुसती नातीच्या पाठीवरचं घामोळं मला दाखवते आन पदरानं वारा घालत बसते.
घर नवीन. तिच्या खोलीला रस्त्याकडनं ही मोठी सरकती काच. गावात कुणाची नाही म्हणून मीच हट्टानं बसवली. सरकवली तरी निम्मीच उघडते. दुपारी काचेला हात लावला की चटका. मावळतीच्या भिंतीला मात्र एक भोक नाही. उन्हाळ्यात आमच्या माण तालुक्यात वारा तिकडूनच येतो, हे शेळ्यांनाही कळतं. पण तिकडं आक्काचं अंगण. माझी थोरली जाऊ. वाटणीपासून बोलणं बंद. गवंड्यानं विचारलं होतं, इकडं खिडकी सोडू का. म्हणलं, नको, तिचं तोंड कोण बघणार.

७ एप्रिल
लेकाचा फोन, पलटणीतनं. "आये, एसी बसवू का?" म्हणलं, "दुपारची लाईट असती का हितं? टांगून पूजा करू का त्याची?" हसला. मग हळूच, "पोरगी झोपती का गं?" झोपते म्हणून सांगितलं. साफ खोटं.

१० एप्रिल
सून माहेरी गेली, सांगलीला. पोरीला घेऊन. पाऊस पडल्यावर बघू म्हणाली. येते म्हणाली नाही. जाताना पाया पडली. भांडून गेली असती तर बरं.

१९ एप्रिल
सांगलीला जाऊन आले. विहीणबाईंच्या दोनच खोल्या. पण खिडक्या समोरासमोर, लाकडी झडपांच्या. ऊन चढलं की झडपा लावतात, उतरलं की सताड उघडतात. वर छपराखाली झरोका, तापलेली हवा तिकडनं जाते. नात गाढ झोपलेली, पाठ स्वच्छ.
विहीणबाई म्हणाल्या, "तुमचं घर लय झ्याक हाय. फकस्त ऱ्हायचं कुठं तेवढं सांगा."
चहा पिऊन घेतला. सून दारापर्यंत आली, कधी येतेस विचारायला माझी जीभ उचलली नाही.

२१ एप्रिल
गवंड्याला बोलावलं. म्हणलं, मावळतीची भिंत फोड. लाकडी झडपांची खिडकी बसव, वर रुंद छज्जा, म्हणजे तिपारचं, दुपार कलल्यावरचं ऊन आत यायचं नाही. म्हणाला, "मावशी, भिंत हद्दीवर हाय. आक्कांनी व्हय म्हणल्याबिगर मी हातोडा उचलत न्हाई."
स्लॅबवर चढून आक्काचं अंगण बघितलं. माझ्या भिंतीचं शेपूट मागं परसापर्यंत गेलंय, पुरुषभर उंच. आक्काच्या चुलीची खिडकी बरोबर त्याच्यापुढं. धूर बाहेर येतो, भिंतीला आपटतो, परत आत. आक्का दारात बसून खोकत होती. हडकली आहे.
भिंत उठताना तिचा पोरगा सांगायला आला होता, धूर कोंडंल म्हणून. मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही.

२३ एप्रिल
आज आक्काच्या उंबऱ्याशी गेले. ती भाकरी थापत होती. बस म्हणाली नाही.
म्हणलं, "आक्का, परसाकडची भिंत कमरेइतकी उतरवते. ती उतरणारच, तुमी काय बी म्हणा. पर मला सुनेच्या खोलीला खिडकी पायजे, तुमच्या चुलीपासनं लांब, पार त्या टोकाला. तुमच्या अंगणात उघडंल."
"सून कुठाय तुझी?"
"माहेरी."
"का गं?"
"माझ्यामुळं."
तिनं भाकरी उलटली. तेवढ्यात तिचा पोरगा पुढं झाला, "काकू, आमी बसून ठरवतो, मग कळवतो." म्हणलं, "तू गप रं." आक्काला खोकला आला. मी परत आले.
लेकाला फोन करून बजावलं. तू मधी पडायचं नाही, चुलतभावाला फोन लावायचा नाही. पोरांनी ठरवायचं नाही, गवंड्यानं विचारायचं नाही. व्हय असो, न्हाई असो, आक्कानंच सांगायचं, आन मलाच.