उधन्याचा बॉयलर आणि तुमचा बर्फ

साहेब, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. डिंडोलीत तुमच्या ओट्यावर दर रविवारी तुम्ही आम्हा कामगारांना शिकवायचात, त्यांतला सातवीत शाळा सोडलेला मी. आता उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलर सांभाळतो.

तुमची नौदलातली तीस वर्षं, जहाजं, बंदरं, सगळं ऐकलं. मनात राहिला तो दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ. तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, हातात चहाची बशी. सांगता आहात, की गोठलेल्या समुद्रावरून गाडी पुढे न्यायची तर थोड्या थोड्या अंतरावर बर्फाला भोक पाडून जाडी मोजायची. एके ठिकाणी ती कमी भरली. समोर मुक्कामाचा तळ दिसत होता, तरी तुम्ही गाड्या मागे फिरवल्या. तुमचेच लोक हसले, पुढची मोहीम दुसऱ्याला मिळाली. "तो बर्फ टिकला असता का, साहेब?" मी विचारलं. "मला कधीच कळलं नाही," म्हणालात आणि चहा प्यायलात. तेव्हा मला तुमची कीव आली होती.

परवा दुपारी बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी नेहमीसारखं अर्ध्यावर दिसत होतं. तपासायचं म्हणून मी काचेतलं पाणी सोडून दिलं. ते झटकन परत चढायला हवं. चढलं, पण फार हळू. कोळसा टाकणारा सोबती हसला, "पानी दिखी ऱ्हायनं ना! तुले आखो काय पाहिजे? तुनी ते रोजनीच भीती!" काचेची नळी बुजली असेल तर दिसतं ते पाणी खोटं, आणि आत पाणी कमी पडलं तर बॉयलर फुटतो. मी आग ओढून बाहेर काढली. वाफ गेली, रंगातलं कापड डागाळलं. शेठ धावत आले. "किसको पूछ के बंद किया? नळी साफ निकली, तो कल से मत आना!"

दाब उतरायला चार तास लागले. मी तिथेच बसून. मग मिस्त्रीने काचेची खालची नळी उघडली. गाळाने गच्च! आत पाणी पार तळाला गेलेलं. मिस्त्री कोळसेवाल्याला एवढंच म्हणाला, "इसको चाय पिला."

साहेब, तुम्हाला जे कधी कळलं नाही, ते मला त्याच संध्याकाळी कळलं. इतकं हलकं मला आजवर वाटलं नव्हतं. मात्र तुम्ही असतात तर पुढचं लिहून मी हे पत्र पाठवलं नसतं. ते चार तास मी देवाला हात जोडत होतो, पण सगळे वाचले म्हणून नाही. नळी बुजलेलीच निघू दे, एवढंच मागत होतो.