भर उन्हातलं धुकं

६ मे, बाळापूर
दुपारी दीडला देविदास आणला. फर्निचरला पॉलिश करतो, वय चाळीस. बेशुद्ध. केसपेपरवर मीच लिहिलं, उष्माघात. पण अंग गार. साखर बरोबर. श्वास मात्र खोल, भराभर, मैलभर पळून आल्यासारखा. आणि माणूस निपचित. बाहुल्या मोठ्या, बॅटरीला दाद नाही.

बायकोला, कलावतीबाईंना विचारलं, दारू? "परवा सांजच्याला घेतली. काल तर कामावर गेले." वास नव्हता. सोडून दिलं, वळलेसुद्धा.

मागून म्हणाल्या, "सकाळी इचारत होते, काहून गं एवढं धुकं पडलंय? म्या म्हनलं, ऊन भाजून राहिलंय, धुकं कुठलं?"

धुकं बाहेर नव्हतं, त्याच्या डोळ्यात होतं.

यंत्रानं डोळ्यात पाहिलं. आतल्या नसेचं टोक लालभडक, सुजलेलं. मिथेनॉल! विषारी दारूत असतं ते. शिकताना वाचलेलं, समोर पहिल्यांदाच.
"परवा नेमकं काय प्याले?"
"पॉलिशचं स्पिरिट. पानी घालून."

नांदेडच्या मेडिकल कॉलेजातल्या माझ्या सरांना फोन. "श्वासाला नळी टाक, रक्तातलं आम्ल मारायला शिरेतून सोडा चालू कर, डायलिसिसला इकडे पाठव. निघेपर्यंत साधी दारू दे." नाकातल्या नळीतून व्हिस्की, पाण्यात, मोजून. सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या.

कलावतीबाई: "दारूनं पडले, अन् तुमी दारूच पाजून राहिल्या?"
म्हटलं, लिव्हर आधी ही साधी दारू पचवतं. तोवर त्या स्पिरिटचं पुढचं विष बनत नाही.
साडेतीनला ॲम्ब्युलन्स गेली.

७ मे
काम सुचत नाही. दोन्ही दारू लिव्हरच्या एकाच दाराशी उभ्या, आणि शरीर साधीला आधी आत घेतं. केवढी ही... सगळे शाबासकी देतायत. पण निदान माझं कुठलं? शुद्ध जायच्या आधी तोच सांगून गेला होता. बाई बोलल्या नसत्या तर मी उष्माघात धरून सलाईन लावत बसले असते आणि...

९ मे
सरांचा फोन. दोनदा डायलिसिस झालं. नळी काढली. बोलतो. डोळ्यांचं इतक्यात सांगता येणार नाही म्हणाले.

१२ मे
कलावतीबाईंचा फोन. आवाज बारीक. "आज हे म्हनले, हिरवी साडी नेसलीस का गं?"
"मग? कोणती होती?"
"हिरवीच. पन म्या नेहमी हिरवीच नेसते, मॅडम."
दिसली, का अंदाज? त्याला विचारायचा धीर बाईंना झाला नाही.