दावं मिळणार नाही

॥ श्री ॥
गिरीज, वसई
४ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. हंसाताईस,
धाकट्या शत्रुघ्नाचा शि. सा. न. वि. वि.

परवा दसऱ्याला फोनवर बोललो त्यातलं मला निम्मं ऐकू आलं आणि उरलेलं मी मनाने जुळवलं. तू नातीचा साखरपुडा म्हणालीस, मी बेलाला सांगितलं की ताईची साखर वाढली. ती बिचारी दोन दिवस तुझ्या काळजीत होती. तेव्हा माझे हे कान असेपर्यंत आपलं पत्रच बरं. नातीला आशीर्वाद. साखर जपून खा, ते आहेच.

आता मुद्द्याचं. वॅगन विकायची ठरवली आहे. बेलाला आणि दीपेशला सांगितलंय की गाडी आता जुनी झाली, सोळा वर्षं पुरे. तुला मात्र खरं लिहितो, कारण लहानपणापासून तुझ्यापाशी खोटं मला कधी साधलंच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, पण बाजूचं, त्यातही डावीकडचं, गेल्यात जमा आहे. गणपतीनंतर वाडीच्या रस्त्याने येताना शेजारची ॲनी मोगऱ्याची टोपली घेऊन डावीकडून चालली होती. मला ती दिसलीच नाही. टोपली दाराला घासली आणि फुलं रस्त्यावर सांडली. तिला काही लागलं नाही. उलट तीच मला पाणी पाजून गेली. पण ताई, उरलेला रस्ता मी गाडी बैलगाडीच्या चालीने घरी आणली.

सोबत जाहिरात लिहून पाठवतो आहे. दीपेश ती मोबाईलवर टाकणार आहे, बापाला ते जमत नाही. तू एकतीस वर्षं मराठी शिकवलंस, तेव्हा न आणि ण तेवढे बघून दे. पत्र लिहिताना मी तुझ्या धाकाने सावध असतो, जाहिरातीत मात्र हात घरच्या बोलीतच चालला.

"विकने आहे. स्टेशन वॅगन, चारही चाकं ओढनारी. सन २००९, डिझेल, एकाच मालकाची. खारा वारा म्हनून दर वर्षी खालून रंग दिलेली. क्लच नवा. चढायला खाली बसवलेली पायरी. पान्यातून जायला हवेची नळी टपापर्यंत नेलेली. मागचं बघायला कॅमेरा. टपावर केळीचे घड ठेवायचा पिंजरा. डाव्या दारावर ओरखडा आहे. दावं मिळनार नाही."

लोभ आहेच. जाहिरात तपासताना तो थोडा जास्त असू दे.

तुझा,
शत्रुघ्न


॥ श्री ॥
नाशिक
१० ऑक्टोबर २०२५

चि. शत्रूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबांनी तुझं नाव शत्रुघ्न ठेवलं आणि आईने लाडाने त्याचं शत्रू केलं, ते किती बरोबर होतं हे तुझं पत्र वाचून कळलं. स्वतःचाच शत्रू आहेस तू. डोळे अधू झालेत ते बायकोपासून लपवतोस आणि वर गाडी चालवतोस? ॲनीला लागलं नाही ही तिची पुण्याई, तुझी नव्हे. भाऊबीजेपर्यंत गाडी गेली नाही तर मी बेलाला सगळं लिहीन. मग तू आहेस आणि ती आहे.

हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय, हेही लिहून ठेवते. ह्यांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा कसाऱ्याच्या धुक्यातून तू तीच वॅगन घेऊन आला होतास. पुढचा रस्ता दिसत नव्हता, पण तू गाडीत आहेस एवढ्यानेच मी निर्धास्त होते. ती गाडी मलाही घरचीच वाटते.

जाहिरात दुरुस्त करून पाठवली आहे. न-णच्या पाच चुका, म्हणजे मॅट्रिकपेक्षा प्रगती आहे. शेवटचं वाक्य अर्धवट होतं, ते मी 'विम्याचा दावा मिळणार नाही' असं पूर्ण केलं. विम्यात काही अडचण असेल तर ती आधीच सांगून टाकतोस, हा तुझा प्रामाणिकपणा मला आवडला.

प्रामाणिकपणाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या लग्नाच्या दिवशी ट्रंकेतून गेलेली लाल रिबीन तू वासराच्या गळ्यात बांधलीस, हे आता तरी कबूल करशील का? एक्कावन्न वर्षं झाली. शिक्षा माफ करते.

बेलाचे गुडघे कसे आहेत ते कळव. माझा लोभ डोळे तपासून घेणाऱ्या माणसावर जास्त असतो, हे ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गिरीज
१७ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीज होऊन गेली आणि वॅगन अजून शेडमध्येच आहे. तू बेलाला लिहिण्याआधी माझं ऐकून घे.

गाडी बघायला चार जण येऊन गेले. नालासोपाऱ्याच्या एका गृहस्थांना सगळं पसंत पडलं. मग खालच्या आवाजात दीपेशला विचारते झाले की गाडीखाली कोणी माणूस गेलं होतं का. दुसऱ्याने कोर्टाची तारीख विचारली. तिसरा तर वकील भावाला घेऊनच आला. आमच्या कोणाच्या काही लक्षात येईना. शेवटी दीपेशने जाहिरात मोठ्याने वाचली. विम्याचा दावा मिळणार नाही! असं वाचल्यावर गाडीला हात कोण लावील?

ताई, मी 'दावा' लिहिलंच नव्हतं. दावंच लिहिलं होतं. गाडी ओढायचा तो जाड दोर, ज्याने राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या कितीतरी गाड्या मी बाहेर काढल्या. बाबांनी जनावर विकलं की दावं कधी दिलं का? चांदी गाय दिली तेव्हा गिऱ्हाइकाला नवा दोर आणायला लावला आणि तिचं दावं खुंटीला टांगलं. जनावर जातं, दावं राहतं, म्हणजे गोठा रिता राहत नाही, असं ते म्हणायचे. आपण दोघंही तिथे उभे होतो. तू रडत होतीस म्हणून कदाचित ऐकलं नसशील.

आता दुसरं, ते लिहायला जड जातंय. गिऱ्हाईक परत गेलं की मला बरं वाटायचं. दिवाळीनंतरच्या रविवारी राजोडीवरून निरोप आला की मुंबईच्या कोणाची गाडी वाळूत बसली आहे आणि भरती चढतेय. नाही म्हणवलं नाही. बेला, का कोण जाणे, मलाही यायचंय म्हणून बाजूला येऊन बसली. रुतलेली गाडी दाव्याने ओढून काढली. येताना वळणावर बेला काहीतरी म्हणाली म्हणून मान वळवली, तर डावीकडे काहीतरी उभं होतं. खांब की माणूस, ते कळेना, म्हणून मी थांबून राहिलो. तो माणूस होता. लहान मुलीला खांद्यावर घेतलेला.

तेव्हापासून किल्लीला हात लावलेला नाही. पण ती खिशातून काढून कोणाच्या हातात देणंही होत नाही. गाडी गेली की मी नुसता ओट्यावर बसलेला म्हातारा. कोणाच्या हाकेला धावून जाणारा शत्रूदादा राहणार नाही.

रिबीन मी घेतली नव्हती. आईची शपथ.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा,
शत्रुघ्न


॥ श्री ॥
नाशिक
२२ नोव्हेंबर २०२५

चि. शत्रूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचवेना. मुलांच्या चुका काढण्यात जन्म गेला आणि बाबांच्या शब्दावर मी लाल रेघ मारली. 'दावं' वाचून मला दावं दिसलं नाही, विमा दिसला. इतकी कशी मी शहरातली झाले रे? चांदीचं ओलं नाक, तिच्या गळ्यातली घंटा, सगळं आठवतं आणि तिचं दावं तेवढं विसरले. तुझी जाहिरात बरोबर होती. दहापैकी दहा. माझी लाज वाटते.

पण शत्रू, त्या खांद्यावरच्या मुलीचं वाचून मी आधी देवापुढे दिवा लावला. तू थांबलास, म्हणून आज हे पत्र लिहिता येतंय. प्रत्येक वेळी थांबायचं सुचेलच असं नाही. आणि शत्रूदादा गाडीमुळे झालास असं तुला वाटतं, हा तुझा भ्रम आहे. गाडी नव्हती तेव्हाही पुराच्या पाण्यात खांद्यावरून म्हाताऱ्यांना आणणारा तूच होतास.

आता मोठी बहीण म्हणून सांगते, विनंती समजू नकोस. हे पत्र वाचून झालं की ऊठ, किल्ली बेलाच्या हातात दे आणि डोळ्यांचं सगळं सांग. मग जेव. जाहिरात तू लिहिलीस तशीच जाऊ दे. न-णसुद्धा राहू देत.

लोभ कोण काढून घेतंय? तो काय गाडीचा परवाना आहे?

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गिरीज
१ डिसेंबर २०२५

ती. स्व. हंसावन्सं यांना,
बेलाचा नमस्कार.

वन्सं, मी क्वचितच लिहिते, म्हणून अक्षर सांभाळून घ्या. तुमचं पत्र आलं त्या दुपारी हे पानावर बसायच्या आधी स्वयंपाकघरात आले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. सगळं सांगितलं. मी नवीनच ऐकतेय असा चेहरा केला.

मला ते आधीच ठाऊक होतं. फुलं सांडली त्याच संध्याकाळी ॲनी मला सांगून गेली होती. तेव्हापासून हे गाडी काढायला निघाले की मी बाजूला जाऊन बसायची. कधी बाजार म्हणून, कधी माहेर म्हणून, राजोडीला तर नुसता समुद्र बघायचा म्हणून. यांना वाटलं असेल की म्हातारपणी हिला फिरायची हौस सुटली. डावीकडून कोणी आलं की मी सहज बोलल्यासारखं करून सांगायची, ती बघा अमकी चाललीय, तो बघा तमका. गुडघे भरून यायचे, पण यांच्या तोंडून निघाल्याशिवाय आपण काढायचं नाही असं ठरवलं होतं. किल्ली दिली तेव्हा मात्र मला रडू आलं. यांना वाटलं गाडीसाठीच.

गाडी ठरली. पलीकडच्या वाडीतली सुझान घेतेय. ती नर्स आहे. म्हाताऱ्या माणसांना डायलिसिसला नेण्या-आणण्याचं काम ती आणि तिचा नवरा ॲलिस्टर दोघं मिळून करतात. माझ्या गुडघ्यांसाठी यांनी जी पायरी खाली बसवली होती, तिच्यावर उभी राहून म्हणाली की मला हीच गाडी हवी. यांनी तिला दोन तास चालवायला लावली. दीपेशला मुलगी बघतानासुद्धा इतके प्रश्न विचारले नव्हते. शेवटी जरा चाचरतच म्हणाले की दावं मिळणार नाही. मला वाटलं, आता ही पण वकील आणते. पण ती हसून म्हणाली, "नकोच ते. आमच्या पप्पांनी बैल विकला, पण दावं नव्हतं दिलं."

यांनी लगेच हो म्हटलं.

तब्येत सांभाळा. आम्हां दोघांवर सारखाच लोभ ठेवा, भाऊ म्हणून यांना जास्त नको.

आपली,
बेला


॥ श्री ॥
गिरीज
१२ जानेवारी २०२६

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सात डिसेंबरला वॅगन गेली. सुझानने नारळ फोडला, बेलाने गाडीला कुंकू लावलं, मी केळीला पाणी सोडायचं निमित्त काढून वाडीत गेलो. आवाज लांब जाईपर्यंत तिथेच उभा होतो. बहिऱ्यालाही तो आवाज ऐकू येत होता, बघ. नंतरचे तीन आठवडे काही लिहिण्यासारखे नाहीत. ओट्यावर बसायचो आणि डॉक्टरांचे थेंब डोळ्यांत घालायचो.

नाताळानंतरच्या रविवारी दुपारी फाटकाशी वॅगन उभी राहिली. मला वाटलं, काही बिघडलं. सुझान उतरून माझ्या उजव्या बाजूला आली, तिला आता ते कळतं, आणि जोरात म्हणाली की राजोडीला गाडी रुतलीय, भरती येतेय, दावं घ्या आणि चला. मी म्हटलं, दावं घेऊन जा, मला कशाला? तर म्हणाली, "गाठ कोण मारणार?"

गेलो. ताई, सोळा वर्षांत मी त्या गाडीत कधी डावीकडे बसलो नव्हतो. तिथून ती किती मोठी वाटते! वाळूत गुडघ्यावर बसून गाठ मारली. गाठीला डोळे लागत नाहीत, ती हाताला येते. सुझानला खुणेने सांगत गेलो, चारही चाकं लाव, हळू, अजून हळू. तिसऱ्या हिसक्याला गाडी निघाली. लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला आपल्यासाठीच वाटल्या. आता रविवारी हाक आली की ती आधी फाटकाशी येते. दावं आमच्याकडेच आहे, तिला यावंच लागतं.

आता तुझ्यासाठीची गोष्ट. समुद्राच्या पाण्याने ओला झालेला दोर वाळवून बाबांच्या खुंटीला टांगायला गेलो. तिथे अजून चांदीचं दावं होतं. काढायला गेलो तर काथ्याचा भुगा हातात आला. ते उलगडलं तर आत, वेढ्यांच्या मधोमध, नीट गुंडाळून ठेवलेली तुझी लाल रिबीन होती. बाहेरून विटली आहे. आतल्या घडीला अजून लाल आहे.

तुझी पाठवणी झाली तेव्हा सगळे रडले, बाबा तेवढे गोठ्यात चारा घालत होते. माणूस कठीण, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो असेन.

तुला पाठवावी म्हणून पाकीट आणलं, तुझा पत्ताही लिहिला. मग रिबीन परत दाव्यात गुंडाळली आणि होती तिथे टांगली. ती द्यायची नसते, ताई. तू ये. वॅगन घेऊन सुझान स्टेशनवर येईल, मी तिच्या डावीकडे बसलेला असेन.

लोभ तर बाबांनीच खुंटीला टांगून ठेवला आहे. मी निराळा काय मागू?

रिबीन न घेतलेला तुझा भाऊ,
शत्रू